पडद्याच्या दांडीचे दोन तुकडे

३ फेब्रुवारी

प्रिय मामा,

नमस्कार. फोनच करणार होते, पण मागच्या वेळी मी घसा फोडून तुझी तब्येत विचारली आणि तू मला हवामान सांगितलंस. जन्मभर लेथपाशी उभं राहून तू कान घालवलेस, त्याची शिक्षा म्हणून आता माझं अक्षर वाच.

काम असं आहे. बाबांची मोटरसायकल हल्ली मी चालवते. लॅबची नोकरी आहे, घरोघर जाऊन रक्ताचे नमुने घ्यायचे, पेटीत ठेवायचे आणि वेळेत पोचवायचे. पेटी मागे बांधलेली असते. पण गाडीचे पुढचे शॉकअप पार गेलेत. ब्रेक लावला की गाडी पुढून अशी खाली बसते, जणू कुणीतरी टाकीवर येऊन बसलंय. परवा एका ट्रकमागे ब्रेक लावला तर हॅंडल हातातून जवळजवळ सुटलंच. गॅरेजवाला म्हणतो, आतल्या स्प्रिंगा बसल्यात. नव्या मिळतात, पण त्या थोड्या आखूड असतात, वर मापाची नळी कापून बसवावी लागते, आणि त्याला तेवढा वेळ नाही. तर तू मला शिकव.

पण मामा, ब्रेकचं अर्धंच खरं आहे. मला गाडीचा आवाज घालवायचाय. आमच्या फाटकात खाली लोखंडी पट्टी आहे ना, तिच्यावरून पुढचं चाक उचलून आत उतरवलं की शॉकअपमधून आवाज येतो. ठक. मग जरा थांबून पुन्हा ठक. बाबा असताना तो यायचाच, मला त्याचं काही वाटायचं नाही. आता तो आला की आई आतून विचारते, "आलात?" मी म्हणते, "मी आहे गं, आई." मग ती चहा आणून ठेवते. त्यात साखर नसते. शुगर बाबांना होती, मला नाही, पण मी मुकाट्याने पिते.

रोज संध्याकाळी मी घरी येते आणि मला बघून रोज तिचा चेहरा पडतो. आपल्याच घरी येऊन रोज कुणाची तरी निराशा करायची, हे आता माझ्याच्याने होत नाही. तिलाही त्या आवाजाची धास्तीच वाटत असणार. तिला काही न सांगता एका रविवारी काम उरकून टाकावं म्हणते. ती तेव्हा शेजारच्या काकूंकडे शिवणाला जाते.

तुझी,
टिल्लू

९ फेब्रुवारी

टिल्लूबाई,

पत्र मिळालं. अक्षर बापासारखंच आहे, मुंग्यांना शाई पाजून सोडल्यासारखं. भिंग घेऊन वाचलं.

नीट ऐक. गाडी मेन स्टॅंडवर घे. इंजिनाखाली लाकडी ठोकळे सरकव, म्हणजे पुढचं चाक अधांतरी राहील. हॅंडल सैल करून बाजूला घे. दोन्ही शॉकअपच्या माथ्यावर एकेक झाकण आहे, आट्यांचं. ते उघडताना तोंड वर नेऊ नकोस आणि तळहात दाबून धर. आतली स्प्रिंग मोकळी व्हायला टपलेली असते, ती झाकण उडवते. माझ्या वर्कशॉपमध्ये एकाचे पुढचे दोन दात असे गेले. तो नंतर शीळ छान घालायचा, पण तो भाग वेगळा.

झाकणाखाली नळीचा तुकडा मिळेल, तो स्पेसर. त्याखाली वॉशर, मग स्प्रिंग. जुनं तेल ओतून टाक, ते कुजक्या पाण्यासारखं निघेल. आता माप. जुनी स्प्रिंग बसलेली आहे, तिचं माप धरू नकोस. नवी स्प्रिंग आत सोड, वर वॉशर ठेव आणि नळीच्या तोंडापर्यंत किती जागा उरते ते बघ. झाकण जेवढं आत जातं तेवढं वजा कर, आणि मग बोटाच्या अर्ध्या पेरापेक्षा थोडं जास्त मिळव. कारण झाकण लावताना स्प्रिंग किंचित दबलीच पाहिजे. दाबल्याशिवाय आटे लागले तर समज, स्पेसर आखूड आहे. मग चाक उचललं की स्प्रिंग आत मोकळी होते आणि आपटते. तुझी ठक म्हणजे तीच.

दोन्ही तुकडे एकसारखे हवेत, तोंडं काटकोनात, कड कानशीने मारलेली. तुझ्या बापाने हे शॉकअप एकदा उघडले होते. मी म्हटलं, मेहुणे, नळी घेऊन या, लेथवर कापून देतो. म्हणाले, "एवढ्याशासाठी लेथ कशाला, घरात हॅक्सॉ आहे." माणूस सोन्यासारखा, पण स्वतःच्या हाताने बिघडवलेलंच त्यांना गोड लागायचं.

त्यांची आठवण आली की मी अजून दाराकडे बघतो. असो. आईला सांगून कर.

मामा

१५ फेब्रुवारी

दादा,

हे पत्र मी शेजारणीकडे बसून लिहिते आहे. पोरीच्या पलंगाखाली झाडताना एक पिशवी सापडली, तिच्यात दोन नव्या कोऱ्या स्प्रिंगा होत्या. टेबलावर तुझ्या अक्षरातलं पाकीट होतं. मी ते उघडलं नाही, पण मला अंदाज आला. तू तिला गाडी दुरुस्त करायला शिकवतो आहेस. दादा, शिकवू नकोस.

तुला कधी सांगितलं नाही ते सांगते. ते छापखान्यात मशीनपाशीच गेले हे तुला माहीत आहे. मला निरोप सांगायला तिथल्या, पुस्तकं बांधणाऱ्या बाइंडरला पाठवलं होतं. भला माणूस, गाडी तिथे बेवारशी कशाला म्हणून तीही ढकलत घेऊन आला. मी ओट्यापाशी होते. फाटकात ठक झालं, मग पुन्हा ठक. मी म्हटलं, "आलात?" आणि चहाचं आधण ठेवलं. पाणी उकळलं, चहा गाळला, तरी कुणी आत येईना. बाहेर जाऊन बघते तर बाइंडर गाडी धरून उभा आणि रडतोय. ते तर केव्हाच गेले होते. म्हणजे गेल्यावर ते घरी आले, दादा. सगळ्यात आधी मी त्यांना ऐकलं आणि मग ते नसल्याचं कळलं.

मी भ्रमिष्ट झालेली नाही. ते नाहीत हे मला कळतं. पण संध्याकाळी फाटकात ठक-ठक होते आणि दारात पोर दिसते, या दोहोंच्या मध्ये थोडा वेळ जातो. गाडी लावून माणूस दारापर्यंत चालत येतं तेवढा. तेवढ्या वेळापुरते ते असतात. मी हात पुसते, पदर सारखा करते. मग टिल्लू आत येते आणि ते नसतात. दिवसभरात मला मिळतो तो तेवढाच वेळ. तो काढून घेऊ नका.

तिला यातलं काही सांगू नकोस. तिला वाटेल आई आपल्यावर प्रेम करत नाही. तसं नाहीये गं असं तिला सांगायला जाते आणि नुसता चहा पुढे ठेवून परत येते.

तुझी,
बेबी

२० फेब्रुवारी

बेबी,

तुझं पत्र वाचून दुपारभर लेथ सुरू केला नाही. बायकोने विचारलं काय झालं, मी म्हटलं पट्टा तुटला.

पण ब्रेकचं खोटं नाही. पुढून बसणारी गाडी एखाद्या दिवशी पोरीला पाडेल, आणि मग फाटकात गाडी ढकलत कोण येईल याचा विचार कर. असं लिहायला नको होतं, पण लिहिलं. मी काहीतरी बघतो. तोवर तिला थांबवतो, तुझं नाव न घेता.

दादा

२० फेब्रुवारी

टिल्लू,

घाई करू नकोस. नळी कुठलीही चालत नाही. इकडे चांगली जाड नळी मिळते का बघतो आणि तुकडे मीच करून पाठवतो. तोपर्यंत गाडी बैलगाडीसारखी चालव.

मामा

२८ फेब्रुवारी

प्रिय मामा,

तुझी नळी तुझ्याकडेच ठेव. तुझा हात आता थरथरतो आणि तू ते कबूल करत नाहीस, एवढं मला तुझ्या पत्रावरून कळलं. रागावू नकोस. काम झालं! मी केलं!

झाकण उघडलं, तळहात दाबला, दात शाबूत आहेत. आतून काय निघालं असेल सांग. पडद्याची दांडी! पुढच्या खोलीतल्या खिडकीची, ती सायीच्या रंगाची, आठवते? रंगासकट कापून आत घातली होती. आई किती वर्षं विचारायची, दांडी गेली कुठे म्हणून, आणि बाबा म्हणायचे, रंगाऱ्याने नेली. तेव्हापासून आमचा पडदा सुतळीवर आहे. मी बोळात तेलाने बरबटलेली बसले आणि हसत सुटले, आणि मग हसता हसता जे व्हायचं ते झालं.

दोन्ही तुकडे आखूड आहेत, आणि एक दुसऱ्यापेक्षा जास्त आखूड. कापही तिरका. म्हणून आधी एका बाजूची ठक यायची आणि मग दुसऱ्या बाजूची. अशी वाजणारी गाडी सगळ्या गावात दुसरी नसणार. मी तुझ्या मापाने नव्या नळ्या कापल्या, कानस मारली, तेल भरलं. झाकण लावताना अंगाचा भार टाकावा लागला तेव्हा तू आठवलास. आता ब्रेक लावला की गाडी शहाण्यासारखी थांबते.

सोमवारी संध्याकाळी घरी आले. पट्टीवरून चाक उतरवलं आणि काहीच वाजलं नाही. मी गाडी लावून आत गेले. आई ओट्यापाशी पाठमोरी होती. मी "आई" म्हटलं तर ती केवढ्यांदा किंचाळली. मग कितीतरी वेळ माझ्याकडे बघत राहिली. दचकली एवढंच. होईल सवय. मला वाटतं, आता आमचं बरं चालेल.

दांडीचे तुकडे फेकवले नाहीत. पुसून डब्यात ठेवलेत.

टिल्लू

१४ मार्च

मामा,

मी काय करून बसले?

आई आता चहा करत नाही. मी घरी आले की म्हणते, "ते आले की टाकते." आणि फाटकापाशी जाऊन उभी राहते. मी आत, ती बाहेर. अंधार पडेपर्यंत उभी असते. मी हात धरून आत आणलं की येते, जेवते, भांडी आवरते, सगळं ठीक बोलते. मधेच म्हणते, "हल्ली फार उशीर करतात." काल तिने फाटक उघडंच ठेवलं. म्हणाली, कडी लावलेली दिसली तर त्यांना वाटेल आपण झोपलो.

मला आत्ता कळलं. आधी बाबा रोज यायचे आणि रोज जायचे. आता ते येतच नाहीत, म्हणजे अजून यायचे आहेत. मी आवाज बंद केला आणि बाबांना फाटकाबाहेर ठेवलं. खरं सांगते, काल तिच्याशेजारी उभी असताना मलाही रस्त्याच्या टोकाला कुणी थांबलंय असं वाटत होतं. आत यायची वाट न सापडल्यासारखं. तिकडे बघवेना.

जुने तुकडे परत घालू का? मग ब्रेक तसाच होईल का? लवकर लिही. शिव्या घातल्यास तरी चालेल, पण लिही.

टिल्लू

१९ मार्च

टिल्लू, बाळा,

शिव्या कशाला घालू? तू मापात काम केलंस. माप बरोबर होतं. घरात त्याने काय होईल हे मापात येत नाही.

तुझ्या आईने मला फेब्रुवारीत लिहिलं होतं आणि तुला सांगू नकोस म्हणाली होती. आता सांगतो. तिला त्या आवाजाची भीती नव्हती. फाटकातल्या ठक-ठकीपासून तू दारात दिसेपर्यंत तिचा नवरा जिवंत असायचा, तेवढ्यावर ती दिवस काढत होती. तुझा तिला राग नाही. तू दारात दिसलीस की तिचा तो वेळ संपायचा, एवढंच तिच्या चेहऱ्यावर यायचं.

जुने तुकडे घालू नकोस, ते फार आखूड आहेत. सोबतच्या पार्सलमध्ये दोन नळ्या आहेत. लेथवर केल्यात, तोंडं आरशासारखी. नव्या स्प्रिंगा ताकदीच्या आहेत, माणूस बसला की त्या दबलेल्याच राहतात, त्यामुळे रस्त्यावर आणि ब्रेकला काही कमी पडणार नाही. मात्र तू पट्टीवर चाक उचललंस की त्या किंचित मोकळ्या होतील. एक आधी, एक नंतर. जन्मभर दोन वस्तू एकसारख्या करण्याची भाकरी खाल्ली आणि आता जाणूनबुजून दोन नळ्या असमान कापल्या. हात ऐकेना. हात थरथरला, तुझं खरं होतं, पण म्हातारपणाने नाही. लेथ बंद केला आणि पाठीमागून कुणीतरी म्हटलं, "एवढ्याशासाठी लेथ कशाला?" मला, ज्याला शेजारी फटाके वाजले तरी कळत नाही, ते स्वच्छ ऐकू आलं. मी वळून बघितलं नाही.

आता गाडीचं नाही, तुझं काम. ठक-ठक झाली आणि आईने "आलात?" विचारलं, तर "मी आहे" असं ओरडू नकोस. लगेच आतही जाऊ नकोस. गाडी लाव. पेटी सोड. हेल्मेट काढ, केस नीट कर. त्यांना पुढे जाऊ दे. मग तू जा.

मामा

३० मार्च

प्रिय मामा,

तू सांगितलंस तसं केलं. पहिल्या दिवशी पट्टीवरून चाक उतरवलं. ठक. मग ठक. आतून आईचा आवाज आला, "आलात?" किती दिवसांनी! मी बोळात उभी राहून पेटीचे पट्टे सोडत बसले. मग आत गेले तर आईने माझ्याकडे बघितलं आणि तिचा चेहरा पडला नाही. म्हणाली, "किती वाळलीस गं. लॅबवाले जेवायला सोडत नाहीत का?" आणि माझ्यापुढे चहा ठेवला. मामा, त्यात साखर होती! मी तो कप संपवला आणि आणखी मागितला.

ब्रेक उत्तम. फाटक आता कडी लावून बंद होतं. पडद्याला नवी दांडी आणली.

एक गोष्ट मात्र आहे. आई आता दोन कप करते. एक माझा. दुसरा बिनसाखरेचा, तो बाबांच्या खुर्चीशेजारी स्टुलावर ठेवते. मी मोरीत हातपाय धुऊन येते तोवर तो रिकामा असतो. तळाला थोडा गाळ, बाबा सोडायचे तसा. आईच पीत असणार. तिला बिनसाखरेचा चहा घशाखाली उतरत नाही, तरी पीत असणार बिचारी. मी काही बोलत नाही आणि तूही तिला विचारू नकोस. तिला वाटू दे की मला कळलं नाही.

तुझी,
टिल्लू

३० मार्च

दादा,

ते परत येऊ लागले. तू काय केलंस ते विचारत नाही. पोरगी हल्ली बाहेर थोडी थांबून आत येते, ते तूच शिकवलं असशील. मला पुरतो तेवढा वेळ. आणि नंतर पोर आत आली की आता ती मला दिसते. इतके दिवस तिच्याकडे बघितलंच नव्हतं रे. किती वाळली आहे! उद्यापासून डबा मीच भरणार आहे.

पडद्याची दांडी कुठे गेली होती तेही कळलं. रंगाऱ्याने नेली म्हणे! एवढी वर्षं मी त्या रंगाऱ्याला शिव्या घातल्या.

एक सांगायचं होतं. मी त्यांच्यासाठी एक कप भरून ठेवते. हसू नकोस. कप ठेवला की मी मागच्या दोरीवरचे कपडे काढायला जाते, तिथे उभी राहून बघायचं मला धैर्य होत नाही. परत येते तो कप रिकामा असतो. टिल्लूच पीत असणार. आईला बरं वाटावं म्हणून पोर तो कडू चहा घशाखाली ढकलते. इतके महिने माझ्या हातचा तसला चहा तिने प्यायला, तोंडातून एक शब्द काढला नाही, तेव्हा आणखी एक कप ती पिणारच. मला कळलंय हे तिला सांगू नकोस.

तुझी,
बेबी

५ एप्रिल

बेबी आणि टिल्लू,

हे पत्र दोघींना आहे, एकत्र बसून मोठ्याने वाचा.

तुमची पत्रं एकाच दिवशी आली. एकापाठोपाठ एक वाचली. मग क्रम बदलून पुन्हा वाचली. भिंग लावूनही वाचली. दोघींनी मला एकेक गोष्ट कुणाला सांगू नकोस म्हटलं आहे. मी सांगणार नाही. बायकोलाही सांगितली नाही. तिने विचारलं, रंग का उडाला, तर पुन्हा म्हटलं पट्टा तुटला.

पुढच्या आठवड्यात मी येतोय. शॉकअपचं तेल बघायचं आहे आणि झाकणं एकदा आवळायची आहेत. संध्याकाळी गाडी पट्टीवरून उतरेल तेव्हा मी फाटकावर हात ठेवून उभा राहीन. कानांनी नाही, तरी हाताला कळेल.

माझ्या चहात साखर दोन चमचे घाला, डॉक्टर काहीही म्हणोत. स्टुलावरचा कप रोज भरत जा, बिनसाखरेचा, आणि गरम. चहा गार झाला की मेहुणे चिडायचे. तो कोण पितं हे तुम्ही एकमेकींना कधी विचारू नका. आणि मी आलो म्हणून माझ्यासाठी ती खुर्ची मोकळी करू नका. मी जमिनीवर बसेन.

तुमचा,
दादा, मामा